जुने पाच पिक्चर न बघता ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ कळतो का?

(भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय. आणि हो, नव्या चारही पिक्चरच्या गोष्टी शेवटांसकट यात आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या, आम्ही इथेच आहोत.)

सुलतानपूरहून बोलतोय. गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आलाय. “भाऊ, प्लॅनेट ऑफ द एप्सचा तो नवीन वाला बघायचाय, पण आधीचे किती आहेत? कुठून सुरू करू? जुने नाही बघितले तर डोक्यावरून जाईल का?”

मोजून सांगतो. एकूण दहा. १९६८ ते १९७३ मध्ये पाच, २००१ मध्ये एक, आणि मग २०११, २०१४, २०१७, २०२४ असे चार. दहा पिक्चर म्हणजे वीस-एक तास. परीक्षेलाही एवढा अभ्यास कुणी सलग करत नाही.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: २०११ पासून सुरू करा. मागचं काहीही लागत नाही. पण ‘का लागत नाही’ हे सांगायला आजचा भाग आहे. कारण इंटरनेटवर एक जमात आहे, जी म्हणते की सगळं बघितल्याशिवाय तुम्हाला बोलायचा हक्क नाही. आणि आपल्यासारखे लोक, ज्यांनी हे पिक्चर टीव्हीवर हिंदीत, मधूनच, उलटसुलट क्रमाने बघितले, ते मग गप्प बसतात. मी स्वतःला या सिरीजचा कॅज्युअल फॅन म्हणतो. म्हणजे खोलीत पोस्टर लावलेलं नाही, पण लागला असला तर चॅनल बदलत नाही, एवढाच. आणि माझं म्हणणं असंय की या पिक्चरमधल्या काही गोष्टी आपल्याला इथे बसून जास्त चटकन दिसतात.

आधी रिबूट म्हणजे काय ते बघू. हा शब्द आपल्याला मोबाईलमुळे माहीत. फोन हँग झाला की बटण दाबून धरायचं, बंद होऊन परत चालू होतो. सिनेमावाल्यांनी शब्द तिथूनच उचलला, पण त्यांचा रिबूट फॅक्टरी रीसेटच्या जास्त जवळचा. कंपनी तीच, मॉडेल तेच, आतले जुने मेसेज-फोटो मात्र साफ.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘झपाटलेला’ १९९३ चा, ‘झपाटलेला २’ आला २०१३ मध्ये. तो सीक्वेल, म्हणजे तात्या विंचू तोच, गोष्ट पुढे. आता ‘डॉन’. अमिताभचा १९७८ चा, शाहरुखचा २००६ चा. दुसरा पिक्चर सुरुवातीला रिमेक वाटतो, तीच गोष्ट नव्याने. पण शेवट असा फिरवला की जुन्या गोष्टीशी नातंच तुटलं, आणि २०११ ला त्याच नव्या शेवटावरून ‘डॉन २’ निघाला. हा झाला रिबूट. ‘डॉन २’ बघायला अमिताभचा ‘डॉन’ बघितलेला असावा लागत नाही. बघितला असेल तर मजा जास्त, इतकंच.

आता मूळ भानगडीकडे येऊ. पिएर बूल नावाच्या फ्रेंच लेखकाने १९६३ मध्ये ही कादंबरी लिहिली. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा गाजलेला युद्धपट ज्या कादंबरीवर निघाला तीही याचीच. १९६८ मध्ये अमेरिकेत पहिला पिक्चर आला. चार्लटन हेस्टन हा त्या काळचा बडा हिरो. त्याचं यान एका अनोळखी ग्रहावर पडतं. तिथे एप्स घोड्यावर बसतात, बोलतात, कोर्ट चालवतात, आणि माणसं मुकी, जाळ्यात पकडून पिंजऱ्यात टाकलेली. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर अर्धा वाळूत गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो आणि कळतं की हा दुसरा ग्रह नव्हेच, ही आपलीच पृथ्वी. अणुयुद्ध करून माणसानेच वाट लावलेली. हा शेवट इतका प्रसिद्ध आहे की पिक्चर विकणाऱ्यांनी तो डीव्हीडीच्या कव्हरवरच छापून टाकला. आता बोला.

त्या वेळी कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हतं. माणसांनाच रबरी चेहरे चिकटवले होते. ते काम करणाऱ्या जॉन चेंबर्सला खास ऑस्कर दिलं, कारण मेकअपचं नेहमीचं ऑस्कर तेव्हा सुरूच झालं नव्हतं. हा चेंबर्स पुढे सीआयएला वेषांतराच्या कामात मदत करायचा. ‘आर्गो’ बघितला असेल, तर त्यात जॉन गुडमनने केलेला मेकअपवाला म्हणजे हाच.

त्या सेटवरचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. जेवणाच्या सुट्टीत मेकअप न काढता सगळे बसायचे, आणि कुणी न सांगता गोरिला झालेले नट गोरिलांसोबत, चिंपांझी झालेले चिंपांझींसोबत, ओरांगउटान वेगळे. आपोआप पंगती पडल्या! लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला काही फार हसू आलं नाही. कारण पिक्चरमध्येही तेच आहे. ओरांगउटान म्हणजे धर्म आणि कायदा सांभाळणारे, ग्रंथाचा अर्थ लावायचा हक्क त्यांचा. गोरिला म्हणजे सैनिक. चिंपांझी हुशार, शास्त्रज्ञ, पण त्यांनी काय शोधायचं हे वरचे ठरवणार. कोण काय काम करणार ते जन्मावरून पक्कं. अमेरिकन प्रेक्षकाला यात काळे-गोरे दिसले असतील, आणि तेही बरोबरच, १९६८ साल होतं. पण महाराष्ट्रातल्या माणसाला ही उतरंड समजवायला कुणाची समीक्षा वाचावी लागत नाही. दुसऱ्या मिनिटाला कळतं.

पुढचे चार जुने पिक्चर झटपट सांगतो, कारण पैसे दर वेळी कमी होत गेले आणि ते दिसतं. एक लक्षात ठेवा, १९७२ चा चौथा. त्यात माणसांनी एप्सना आधी पाळलं, मग नोकर केलं, मग गुलाम, आणि सीझर नावाचा चिंपांझी बंड करतो. नाव लक्षात ठेवा.

२००१ मध्ये टिम बर्टनने नवा केला, मार्क वॉलबर्गला घेऊन. मेकअप जबरदस्त, पैसेही आले, पण शेवट असा की थिएटरमधून बाहेर पडणारा प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, म्हणजे नेमकं काय झालं? त्याच्यापुढे गोष्ट सरकलीच नाही. दहा वर्षं सगळं बंद.

मग २०११, ‘राइज’. दिग्दर्शक रूपर्ट वायट. इथे त्यांनी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅमेरा पलीकडे नेऊन ठेवला. जुन्या पहिल्या पिक्चरमध्ये आपण माणसासोबत असतो, पिंजऱ्यात अडकलेल्या हेस्टनसोबत. नव्यामध्ये आपण पिंजऱ्यातल्या चिंपांझीसोबत आहोत. भीती तीच, बाजू बदलली.

गोष्ट साधी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतला एक शास्त्रज्ञ, जेम्स फ्रँको, अल्झायमरवर औषध शोधतोय, कारण घरात बापालाच तो आजार आहे. औषध दिलेल्या चिंपांझीणीचं पिल्लू तो घरी आणतो. तो सीझर. तो घरात वाढतो, खुणांची भाषा शिकतो, म्हाताऱ्याला जीव लावतो. एकदा फिरायला गेल्यावर त्याला समोर पट्ट्याला बांधलेला कुत्रा दिसतो. सीझरच्याही गळ्यात पट्टा असतो. मग तो खुणेने विचारतो, मी पाळीव आहे का? शास्त्रज्ञ म्हणतो, नाही. पण आपल्याला दिसतं की सीझरला ते पटलेलं नाही. त्या एका प्रश्नावर पुढचे तीन पिक्चर उभे आहेत असं माझं मत.

यात आपल्या मुंबईची फ्रीडा पिंटो आहे, ‘स्लमडॉग मिलेनियर’वाली. तिला काम काय दिलं? हिरोच्या शेजारी उभं राहून काळजी करायचं. या तीन पिक्चरमधल्या बायकांच्या भूमिका बघितल्या तर लिहिणाऱ्यांनी मेंदू वाढवायचं औषध थोडं स्वतःही घ्यायला हवं होतं. सीझरची बायको कॉर्नेलिया तर दोन पिक्चरभर जवळजवळ गप्पच आहे.

असो. सीझर म्हाताऱ्याला वाचवायला शेजाऱ्यावर धावून जातो आणि त्याला प्राण्यांच्या कोंडवाड्यात टाकतात. तिथला रखवालदार पोरगा छळतो. ‘हॅरी पॉटर’मधला ड्रेको मॅलफॉय आठवतो ना, तोच, टॉम फेल्टन. तो हातातली विजेची काठी उगारतो, सीझर त्याचा हात धरतो, पोरगा ओरडतो की तुझे घाणेरडे पंजे दूर कर. आणि सीझर, जो आत्तापर्यंत एक अक्षर बोललेला नाही, तो बोलतो. एकच शब्द. “नो!”

आता बघा. जुने पिक्चर बघितलेल्याला इथे दोन गोष्टी दिसतात. पंज्यांचं ते वाक्य १९६८ मध्ये माणसाच्या तोंडी होतं, एप्सना उद्देशून. आणि १९७१ च्या तिसऱ्या पिक्चरमध्ये सांगितलंय की माणसाशी बोललेला पहिला एप ‘नो’ हाच शब्द बोलला होता. म्हणजे जाणकाराला टाळी वाजवायला जागा ठेवलीय. पण ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याच्याही अंगावर काटा येतोच. माझ्या मते नीट केलेला रिबूट ओळखायचा तो असा: जुन्यांसाठी खाऊ ठेवलेला असतो, पण त्या खाऊवर नव्याचं पोट अवलंबून नसतं.

इथे थोडं थांबू, कारण आपल्याकडची एक गंमत सांगायची राहिली. आपल्याला ‘एप’ला धड शब्दच नाही. तोंड काळं, शेपूट लांब तो वानर. तोंड लाल तो माकड. लोणारच्या सरोवराकडे उतरलात की झाडांवर बसलेले असतात ते वानर. पण चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूटच नसतं, ते वेगळं घराणं. भारतात त्या घराण्यातला फक्त गिबन राहतो, तोही तिकडे ईशान्येच्या जंगलात. म्हणून ‘वानरांचा ग्रह’ म्हटलं तर शास्त्राप्रमाणे चूक. मी आपला ‘एप’च म्हणतो.

पण मनात चित्र कुठलं येतं? आपल्या जिल्ह्यात, नांदुऱ्याला, हायवेच्या कडेला १०५ फुटांचा मारुती उभा आहे. लोणारला मोठ्या मारोतीच्या देवळात तो आडवा झोपलेला आहे. बोलणारा, विचार करणारा, माणसापेक्षा शहाणा वानर ही कल्पना आपल्याला लहानपणापासून ओळखीची आहे, आपण त्याला शनिवारी तेल वाहतो. १९६८ च्या पिक्चरचा सगळा धक्का यावर होता की बोलणारा एप म्हणजे माणसाचा अपमान. तो धक्का आपल्याला तितकासा लागतच नाही. उलट सीझर घोड्यावर बसून पुलावर येतो तेव्हा आपण लगेच त्याच्या पार्टीत. फरक आहे तो असा की मारुतीची ओळख भक्तीची आणि सीझरची ओळख नकाराची. एक प्रभूसाठी समुद्र ओलांडतो, दुसरा ‘आता कुणाचाच नाही’ म्हणून गोल्डन गेट पूल ओलांडतो. त्यामुळे हा पिक्चर बघताना ओळखीचंही वाटतं आणि मधेच दचकायलाही होतं.

आता हे दिसतं इतकं खरं कसं? २०११ च्या पिक्चरमध्ये एकही खरा एप नाही. सीझर म्हणजे अँडी सर्किस. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गोलम आणि २००५ चा किंग काँग हाही त्यानेच केलेला. अंगाला घट्ट चिकटणारा सूट, त्यावर खुणा, तोंडावर ठिपके, डोक्याला बांधलेला छोटा कॅमेरा थेट चेहऱ्याकडे रोखलेला. तो हलला, भुवई उडवली, ओठ आवळले की ते सगळं टिपलं जातं, आणि न्यूझीलंडच्या वेटा कंपनीची माणसं त्यावर एपचं शरीर चढवतात. आधी हे बंद स्टुडिओत व्हायचं. यांनी ते बाहेर, इतर नटांसोबत खऱ्या जागी केलं. २०१४ ला तर पावसात, चिखलात, जंगलात. नव्या चारही पिक्चरना व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर नामांकन मिळालं, चारही वेळा बक्षीस दुसऱ्यालाच. २०१४ च्या पिक्चरच्या वेळी ‘इंटरस्टेलर’ने नेलं, २०२४ च्या वेळी ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाने.

आणि डबिंगवाल्यांना एक गोष्ट. काही लोक म्हणतात, हिंदीत बघितलात म्हणजे बघितलाच नाहीत. या सिरीजला ते फार लागू पडत नाही. पहिल्या पिक्चरमध्ये सीझर जवळजवळ बोलतच नाही. दुसऱ्याची सुरुवातीची बरीच मिनिटं एप्स हातांच्या खुणांनी बोलतात, खाली अक्षरं येतात. डब करायला आवाज आहेच कुठे? जे आहे ते डोळ्यांत आहे.

दुसरा पिक्चर, ‘डॉन’. हा डॉन म्हणजे पहाट बरं का, शाहरुखचा नव्हे. नावांचा घोळ त्यांनीच घातलाय, आधी राइज, मग डॉन. म्हणजे उगवून झाल्यावर पहाट. दिग्दर्शक बदलला, मॅट रीव्ह्ज आला. माझ्या मते चारातला हा सगळ्यात चांगला.

पहिल्याच्या शेवटी त्या औषधातला विषाणू माणसांत पसरायला लागतो. एप्सना त्याने अक्कल येते, माणसं मरतात. विमानांच्या रेषा जगाच्या नकाशावर पसरत जातात आणि नावं येतात. दुसऱ्याच्या सुरुवातीला बातम्यांचे तुकडे: मास्क, रुग्णालयं, बंद शहरं. २०११ आणि २०१४ ला ते फक्त पिक्चर होतं. २०२० नंतर ते परत बघा, पोटात वेगळंच होतं. त्या वर्षी जूनमध्ये, लॉकडाऊन चालू असताना, आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतून पुढे आलं. पण ते कळेपर्यंत सायन्स फिक्शन सुरू झाल्यासारखंच वाटत होतं.

तर ‘डॉन’मध्ये दहा वर्षांनंतर जंगलात एप्सची वस्ती आहे आणि शहरात थोडी माणसं उरलीत. माणसांना काय पाहिजे? लाईट. डिझेल संपत आलंय, आणि वीज देणारं धरण एप्सच्या जंगलात. अमेरिकन प्रेक्षकाला ही गोष्टीची सोय वाटत असेल. रात्रीच्या वेळी लाईट आली म्हणून पाणी द्यायला शेतात पळणाऱ्या माणसाला नाही वाटत. धरण चालू होतं, बंद पेट्रोल पंपावर दिवे लागतात, गाणं वाजायला लागतं, लोक नाचतात. लाईट आल्यावरची ती आरोळी आपल्या गल्लीतलीच.

या पिक्चरचा जीव कोबा आहे. कोबा बोनोबो जातीचा, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कापाकापी सोसलेला. सीझर म्हणतो, माणसांना त्यांचं काम करू दे. कोबा आपल्या अंगावरच्या एकेका व्रणावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे माणसाचं काम. हे माणसाचं काम. हे पण. सीझरकडे उत्तर नसतं. आपल्याकडेही नसतं. सीझरवर माणसाने प्रेम केलं म्हणून तो माणसावर विश्वास ठेवू शकतो. कोबाच्या वाट्याला ते आलंच नाही. दोघंही आपापल्या अनुभवाला धरून बरोबर आहेत.

मग कोबा बंदुका असलेल्या दोन माणसांपुढे जातो आणि माकडचेष्टा करायला लागतो. कोलांट्या, वेडंवाकडं तोंड, त्यांची बाटली घेऊन पिणं. पूर्वी मदारी गल्लीत माकडाचा खेळ आणायचा, अगदी तसं. माणसं हसतात. आणि हसता हसता तो बंदूक उचलतो. माकडाच्या हाती कोलीत ही म्हण आपण मूर्खपणासाठी वापरतो. इथे कोलीत घेणारा मूर्ख नाही, त्याला मूर्ख समजणारे संपतात.

आता शेवट नीट ऐका, कारण तो पुढे लागणार आहे. सीझरचा कायदा आहे की एपने एपला मारायचं नाही. कोबा सीझरवरच गोळी झाडतो आणि आळ माणसांवर घालतो. शेवटी कोबा उंचावर लटकलेला, सीझरचा हात धरून, आणि तोच कायदा सीझरला ऐकवतो. सीझर म्हणतो, तू एप नाहीस, आणि हात सोडतो.

सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र तिथे खटकतं, आणि चांगल्या अर्थाने खटकतं. कायदा मोडला नाही, फक्त समोरच्याला कायद्याच्या बाहेर काढलं. ‘तो आपल्यातला नाहीच’ असं म्हटलं की सगळं करता येतं. सीझर चांगला नेता आहे, त्या वेळी त्याला दुसरा मार्गही दिसत नसेल. पण शब्द वाकवायचं पहिलं काम त्यानेच केलं.

तिसरा, ‘वॉर’, २०१७. नाव युद्ध, पण युद्ध कमी आणि सूडाची गोष्ट जास्त. सीझरचं कुटुंब मारलं जातं आणि तो त्या कर्नलच्या मागे लागतो. कर्नल म्हणजे वुडी हॅरेल्सन. विषाणू बदललाय आणि माणसांची वाचा जायला लागलीय, म्हणजे १९६८ मधली मुकी माणसं कुठून आली त्याचा धागा इथे जोडलाय. छावणीतला मधला भाग लांबलाय, मोबाईलवर बघत असाल तर हात पुढे ढकलायला जाईल. पण मॉरिस नावाचा ओरांगउटान आणि ती मुकी पोरगी यांच्यासाठी थांबा. शेवटी सीझर आपल्या लोकांना तळ्याकाठी सुरक्षित पोचवतो आणि तिथेच मरतो. सीझरची गोष्ट पूर्ण.

पैशांचं म्हणाल तर ‘राइज’ने जगभर सुमारे ४८ कोटी डॉलर कमावले, ‘डॉन’ने ७१ कोटींच्या आसपास, ‘वॉर’ने ४९. इतका चालणारा माल कुणी सोडत नाही. मधल्या काळात, २०१९ मध्ये, डिस्नेने फॉक्स स्टुडिओ विकत घेतला, आणि मे २०२४ मध्ये वेस बॉलचा ‘किंगडम’ आला.

मला भीती होती ती सीझरच्या फोटोला हार घालून तेच परत दाखवतील याची. तसं झालं नाही. पिक्चर सीझरच्या अंत्यसंस्काराने सुरू होतो आणि थेट कित्येक पिढ्या पुढे जातो. नोआ नावाचा तरुण चिंपांझी, त्याची टोळी गरुड पाळते. आणि नोआला सीझर कोण हे माहीतच नाही! नावही ऐकलेलं नाही. म्हणजे हिरोनेच आधीचे पिक्चर बघितलेले नाहीत, राजेहो. जो प्रश्न तुम्ही मला विचारला, तो प्रश्न घेऊन नोआ घोड्यावर बसून निघालाय.

वाटेत त्याला राका भेटतो, ओरांगउटान, सीझरची खरी शिकवण जपणारा शेवटचा कुणीतरी. तो जाणकार फॅन आहे, पण नोआला तो हिणवत नाही, समजावून सांगतो. असे जाणकार आपल्याला ऑनलाइन भेटले असते तर हा भाग करायची वेळ आली नसती. आणि मग भेटतो प्रॉक्सिमस. त्याने स्वतःच्या नावापुढे सीझर लावून घेतलंय. सीझर म्हणायचा की एप्स एकत्र असले तर ताकद आहे. प्रॉक्सिमस तेच वाक्य घोषणा म्हणून हजारदा म्हणवून घेतो आणि दुसऱ्या टोळ्या गुलाम करून त्यांच्याकडून माणसांच्या जुन्या तळघराचं लोखंडी दार ओढवून घेतो. आतली शस्त्रं पाहिजेत त्याला. वाक्य एका शब्दानेही बदललेलं नाही, अर्थ मात्र पार उलटा.

हे बघताना मला तरी अमेरिका आठवली नाही. आमच्या रस्त्यावर जयंत्यांना लागणारे फ्लेक्स आठवले. मधोमध महापुरुष, त्यांच्याभोवती शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे, आणि दर वर्षी महापुरुष थोडे लहान, चेहरे थोडे मोठे. ज्यांनी सगळ्यांना एकत्र आणलं त्यांचंच नाव घेऊन आपली पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सिंदखेडराजा आमच्यापासून लांब नाही. जिजाऊंचं जन्मगाव जवळ असलेल्या माणसाला हा प्रॉक्सिमस समजावून सांगावा लागत नाही. आणि म्हणूनच मी ‘डॉन’चा शेवट लक्षात ठेवायला सांगितला होता. शब्द वाकवता येतात हे मूळ सीझरनेच दाखवलं होतं. प्रॉक्सिमसने फक्त धंदा मोठा केला. पिक्चर हे स्वतः बोलून दाखवत नाही. दोन्ही लागोपाठ बघितले तर दिसतं.

शेवटाकडे ‘किंगडम’ जरा घाई करतो, पुराचा सीन मोठा आणि जीव थोडा. पण अगदी शेवटची भेट चांगली आहे. मे नावाची मुलगी, जिला बोलता येतं, ती नोआचा निरोप घ्यायला येते. दोघांनी एकमेकांचे जीव वाचवलेत. गोड बोलणं होतं. आणि कॅमेरा तिच्या मागे जातो तेव्हा दिसतं की पाठीमागे धरलेल्या हातात पिस्तूल आहे. वापरत नाही. पण घेऊन आलीय.

तर क्रम असा: राइज, डॉन, वॉर, किंगडम. आवडले तर मग १९६८ चा बघा, पुतळा माहीत असला तरी. बाकीच्या जुन्यांपैकी १९७१ आणि १९७२ चे पुरेत. २००१ चा पाऊस पडत असेल, नेट गेलं असेल आणि तो आधीच डाउनलोड केलेला असेल, तर. मोबाईलवर बघताना ब्राइटनेस वाढवा, ‘डॉन’ आणि ‘वॉर’ दोन्ही अंधारे आहेत, आणि इअरफोन लावा, सीझर हळू बोलतो. कुठल्या ॲपवर आहेत ते दर काही महिन्यांनी बदलतं, तेवढं तुम्ही शोधा. आणि कोबा बरोबर होता की सीझर, याचं व्हॉइस नोटवर उत्तर पाठवा. एक मिनिटाच्या आत, बरं का. मागच्या वेळी एका भावाने अकरा मिनिटांची पाठवली होती.